मौन पाळणारा नायक

राजाला नकार देणारे नायक रंगभूमीवर बहुधा भर दरबारात गर्जतात. रॉबर्ट बोल्ट यांच्या ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ या नाटकाचा नायक मुख्य प्रश्नावर तोंडच उघडत नाही. लंडनमध्ये १९६० साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे सारे नवल या मौनात आहे.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला कॅथरीन राणीशी झालेला विवाह रद्द करून हवा होता. पोप ऐकेना, तेव्हा राजा स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. लॉर्ड चॅन्सलर सर थॉमस मोर यांनी १५३२ मध्ये पद सोडले आणि पुढे राजाला हवी असलेली शपथ नाकारली. कारण मात्र कुणालाच सांगितले नाही. ते मुरलेले कायदेपंडित होते. न उच्चारलेल्या शब्दावरून राजद्रोह सिद्ध होत नाही, हे ते जाणून होते. म्हणून नाटकातला प्रत्येक प्रवेश या मिटलेल्या ओठांना घातलेला वेढा आहे. राजाचा मंत्री क्रॉमवेल डाव टाकतो, मित्र नॉरफोक चिडतो, लाडकी मुलगी मार्गारेट तुरुंगात येऊन विनवते. शेवटी रिचर्ड रिचच्या खोट्या साक्षीने मोर दोषी ठरतात. आता लपवण्यासारखे काही उरलेले नसते, आणि तेव्हाच ते मनातले बोलतात. इतका वेळ दाबून धरलेले ते भाषण विलक्षण परिणाम करते.

दुसरी युक्ती ‘कॉमन मॅन’ची. हा आपल्या सूत्रधारासारखा थेट प्रेक्षकांशी बोलतो; पण सूत्रधार कथेबाहेर उभा राहू शकतो, याला ती मुभा नाही. एकच नट टोपी बदलून मोरांचा कारभारी, नावाडी, खानावळवाला, तुरुंगाधिकारी, ज्यूरीचा प्रमुख आणि अखेर जल्लाद होतो. कोणतीही भूमिका करताना त्याच्या मनात द्वेष नसतो, त्याला फक्त स्वतःला सांभाळायचे असते. प्रेक्षक त्याच्याबरोबर हसतात, आणि कुऱ्हाड त्याच्याच हातात दिसते तेव्हा चपापतात. माझ्या मते नाटकाचा खरा गाभा हाच आहे.

बोल्ट यांनी बरेच वगळलेही आहे. मोरांना तीन मुली आणि एक मुलगा होता. नाटकात मार्गारेट एकटीच आहे. मोर चॅन्सलर असताना सहा जणांना पाखंडी ठरवून जाळण्यात आले, त्याचाही मागमूस नाही. नायक उजळ राखण्यासाठी ऐतिहासिक नाटके अशी किंमत मोजतात, हे प्रेक्षकाने ध्यानात ठेवायला हवे.

फ्रेड झिनेमान यांच्या १९६६ च्या चित्रपटाने सहा ऑस्कर मिळवले. मोरांच्या भूमिकेत रंगमंचावरचेच पॉल स्कोफील्ड होते. मात्र चित्रपटात ‘कॉमन मॅन’ नाही. त्याच्या भूमिका वेगवेगळ्या नटांत वाटल्या गेल्या आणि तो चपापण्याचा क्षणही गेला. म्हणून चित्रपट पाहिलेल्यांनी नाटकाची संहिताही अवश्य वाचावी.