काजळीची गाळणी कां तुंबते ?

ता. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले व नव्या डीझेल मोटारींत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी सर्रास आली. तिचा दिवा लागतांच गाळणीच बदलण्याचा महागडा सल्ला पुष्कळदां मिळतो. आमच्या मतें तो घाईचा होय. तुंबणें हें बहुधा लक्षण असतें, मूळ रोग नव्हे.

सांठलेली काजळी सुमारें ६०० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर जळते. त्यासाठीं मोटार कांहीं वेळ सलग वेगानें धांवली पाहिजे. घर ते मळा अशा दोन-तीन किलोमीटरांच्या खेपांत गाळणी तितकी तापतच नाहीं. मात्र लांबच्या दौडीनंतरही दिवा पुन्हां लागल्यास दोष अन्यत्र शोधावा. प्रथम दाबमापक यंत्राच्या रबरी नळ्या पाहाव्या. नळी चिरली असल्यास स्वच्छ गाळणीवरही नाहक आळ येतो! इंजेक्टर गळत असेल किंवा धूर इंजिनांत परत नेणारी झडप अडकली असेल, तर काजळीच अधिक होते. इंजिनांतील तेलाची पातळी वाढलेली दिसल्यास त्यांत डीझेल उतरलें असण्याचा संभव असतो. तें तेल ताबडतोब बदलावें. नवें तेल घेतांना कमी राखेचेंच मागावें, कारण काजळी जळते, राख जळत नाहीं. राखेनें भरलेली गाळणी काढून साफ करावी किंवा बदलावी लागते.