वाटेवरचं तण

परसबागेतले वाफे आपण हौसेने खुरपतो. मधल्या वाटा मात्र मोकाट सुटतात. पाऊस पडला की तिथे हराळी, लव्हाळा, गाजरगवत माजतं आणि त्यांचं बी, धावती मुळं थेट भाजीत शिरतात.

उपाय स्वस्त आहे: उजेड तोडायचा. बऱ्याच तणांचं बी बारीक असतं, त्यात अन्नाचा साठा थोडा. अंधारात ते रुजत नाही, रुजलंच तरी कोंब वर पोचण्याआधी साठा संपतो. किराणा दुकानातली पुठ्ठ्याची खोकी आणा. चिकटपट्टी, पिना काढून पुठ्ठा भिजवा आणि कडा वीतभर एकमेकांवर चढवून अंथरा, कारण तण नेमकं फटीतूनच डोकं काढतं. वर चार बोटं जाडीचं उसाचं पाचट, भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. भुसा वाटेवर उत्तम; वाफ्याच्या मातीत मिसळला, तर तो कुजवणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचं नत्र ओढून घेतात. पुठ्ठा कुजला की नवा थर द्यायचा, एवढंच.

लव्हाळा मात्र पुठ्ठ्याला जुमानत नाही. त्याचा टोकदार कोंब प्लॅस्टिकचा कागदही भेदतो. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. पात धरून उपटलं की माळ तुटते आणि उरलेल्या गाठी जोमाने फुटतात. म्हणून आच्छादनाआधी ओल्या मातीत खुरपं खोल घालून गाठी वेचा, नंतर दिसेल तो कोंब लगेच काढा.

आणि तण जाळायला वाटेवर मीठ टाकू नका. पावसाच्या पाण्याबरोबर ते वाफ्यात उतरतं.