परळीचा संच आज चालणार का? गणित करून बघा!

संध्याकाळी सात वाजता गेवराईत घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही एकदमच सुरू होतात. त्या क्षणी लागणारी वीज त्याच क्षणी कुठेतरी तयार व्हावी लागते. ती आपल्याच जिल्ह्यातल्या परळीहून येत असणार, असं तुम्हाला वाटेल. जवळची म्हणजे स्वस्त, नाही का? गंमत अशी की, विजेच्या हिशेबात तसं नसतं.

कोणत्या केंद्राने किती वीज तयार करायची, याचं नियोजन राज्य भारप्रेषण केंद्र करतं. ते नवी मुंबईत ऐरोलीला आहे. तिथे दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी संचांची रांग लावतात. ज्याचा एका युनिटमागे इंधनाचा खर्च कमी, तो रांगेत पुढे. हीच ‘मेरिट ऑर्डर’. परळीत २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. पण कोळसा येतो लांबून, रेल्वेने. वाहतूक वाढली की युनिट महागतं आणि परळी रांगेत मागे जाते. मागणी कमी असेल, तर संच बंद ठेवायची वेळ येते.

आता वही घ्या. समजा, मागणी १००० मेगावॉट आहे. ‘अ’ संचाचा खर्च युनिटला २ रुपये, क्षमता ४००. ‘ब’चा ३ रुपये, क्षमता ५००. ‘क’चा साडेचार रुपये, क्षमता ३००. सोपं आहे: अ ४००, ब ५००, क १००. तासाचा खर्च साडेसत्तावीस लाख.

पण थांबा! कोळशाचा संच स्कूटरसारखा हवा तेवढा हळू चालत नाही. समजा, ‘क’ किमान ५५ टक्के, म्हणजे १६५ मेगावॉटवर चालवावाच लागतो. मग स्वस्त ‘ब’ला ४३५ वर आणावं लागेल. खर्च तासाला ९७ हजार ५०० रुपयांनी वाढला! ‘क’ बंदच केला तर? १०० मेगावॉट कमी पडतील. शिवाय थंड पडलेला संच पुन्हा पेटवायला कित्येक तास लागतात आणि तेलही जळतं. म्हणजे प्रश्न नुसता ‘स्वस्त कोण’ एवढाच नाही. ‘आत्ता कोण चालू असायला हवं’ हाही आहे.

अशा अटी अजून आहेत. कोयनेचा प्रकल्प साधारण १९६० मेगावॉटचा. पाण्याला इंधनखर्च नाही, मग तो चोवीस तास का चालवत नाहीत? कारण वीजनिर्मितीसाठी वर्षाला मिळणारं पाणी ठरलेलं आहे: ६७.५ टीएमसी. ते दुपारी संपवलं, तर संध्याकाळी काय? आणि दुपारी सौरऊर्जा भरपूर असते. सूर्य मावळला की कोळसा आणि पाण्यावरचे संच झपाट्याने वर न्यावे लागतात.

पाण्याची अट तर आपल्याला चांगलीच ठाऊक आहे. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी गेवराई तालुक्यातून माजलगाव धरणाकडे जातं आणि माजलगावच्या पाण्यावर परळीचं केंद्रही अवलंबून आहे. २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद करावे लागले होते. तुमच्या मॉडेलमध्ये पाण्याची अट नसेल, तर उत्तर कागदावर स्वस्त दिसेल. प्रत्यक्षात मात्र वीज मिळणार नाही.

अजून एक मेख. मेरिट ऑर्डर फक्त बदलता खर्च बघते. करार झालेल्या संचाचा स्थिर आकार, म्हणजे कर्ज, पगार, देखभाल, हा संच बंद असतानाही द्यावाच लागतो. तो शेवटी तुमच्या-आमच्या बिलात येतो. शिवाय परळीत राख उचलणारे, ट्रक चालवणारे यांची कामं मंदावतात. हा खर्च कोणत्याही समीकरणात नसतो.

हे सगळं शिकायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वरचं उदाहरण एक्सेलच्या ‘सॉल्व्हर’मध्ये अर्ध्या तासात बसवता येतं. पायथन येत असेल, तर ‘पायपीएसए’ फुकट मिळतं; त्यात तारांची क्षमताही घालता येते. इलेक्ट्रिकलचेच विद्यार्थी हवेत असंही नाही; बी.एस्सी. गणितवाल्यांना यात लिनिअर प्रोग्रॅमिंग भेटेल, कॉमर्सवाल्यांना कॉस्टिंग.

सुरुवात तीन संचांपासून करा. मग दुपारची सौरऊर्जा घाला, मग पाणी कमी करा. प्रत्येक वेळी ‘क’चं काय होतं ते बघा. परळीचे संच बंद झाल्याची बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा कोणती अट आडवी आली, हे तुम्हालाच ओळखता येईल.