विश्लेषण : वाय-फाय अडकते तेव्हा दोष राउटरचाच असतो का?

प्लॅन २०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये सगळे सुरळीत. पण आतल्या खोलीत मुलाची ऑनलाइन मुलाखत सुरू झाली की चित्र गोठते. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला निर्णय होतो तो नवा राउटर मागवण्याचा. दोन-तीन हजार रुपये जातात आणि अनेकदा चित्र पुन्हा तिथेच गोठते. राउटर खरोखर केव्हा बदलावा आणि घेताना काय पाहावे, याचा हा आढावा.

खरेदीआधी कोणती चाचणी करावी?

आधी दोष कुठे आहे ते शोधावे. त्यासाठी स्पीड टेस्ट तीन ठिकाणी घ्यावी लागते. पहिली, लॅपटॉप लॅन केबलने थेट फायबरच्या डब्याला जोडून. दुसरी, राउटरपासून दोन-तीन पावलांवर मोबाइल धरून. तिसरी, त्याच मोबाइलवर, जिथे अडचण येते त्या खोलीत. तिन्ही चाचण्या एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास कराव्यात. कारण रात्री सगळी इमारत एकाच वेळी व्हिडिओ पाहत असते.

केबलवरच वेग कमी मिळत असेल तर राउटर बदलून उपयोग नाही. तक्रार सेवा पुरवठादाराकडे करावी. केबलवर वेग ठीक, पण राउटरजवळही मोबाइलला तो मिळत नसेल, तर दोष राउटरचा किंवा जुन्या मोबाइलचा. जवळ ठीक आणि आतल्या खोलीत नाही, तर प्रश्न भिंतींचा आणि जागेचा आहे. बहुतांश घरांचा प्रश्न हा तिसराच असतो.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा असूनही आकडा ९०-९५च्या पुढे सरकतच नसेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची अडवणूक आहे. ती राउटरच्या पोर्टमध्ये असू शकते किंवा केबलमध्ये. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात, गिगाबिट वेगाला आठही लागतात. केबल लावणाऱ्याने घाईत चारच तारा जोडल्या असतील किंवा एखादी तुटली असेल, तर महागडा राउटरही शंभरीच्या आतच राहतो. केबल आणि तिचे टोक बदलणे हा यावरचा शंभर-दोनशे रुपयांचा उपाय आहे.

भिंतींचा एवढा फरक का पडतो?

वाय-फाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालते. २.४चा सिग्नल भिंतीतून तुलनेने बरा जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. पंचवीस-तीस फ्लॅटच्या इमारतीत एवढे सगळे राउटर या तीन चॅनेलवर दाटीवाटीने बसतात. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आणि वेगही जास्त. पण एक-दोन भिंतींनंतर त्याचा जोर ओसरतो.

विटांच्या घरात हे निभावते. मुंबई, ठाणे, पुण्यातील अनेक नव्या टॉवरमध्ये मात्र ‘मायवान’ पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती असतात. आतील भिंतीही सळईच्या काँक्रीटच्या असल्याने सिग्नलला फार मोठा अडथळा होतो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींचीही हीच कथा.

म्हणून राउटरची जागा घराच्या मध्याकडे आणि उंचावर हवी. प्रत्यक्षात फायबर आत येते ते दाराशी किंवा हॉलच्या कोपऱ्यात, आणि राउटर जातो टीव्हीच्या मागे किंवा ‘दिसायला बरे नाही’ म्हणून कपाटात. पाच-सात मीटर केबल वाढवून तो बाहेर काढला तरी अनेक घरांतील तक्रार निम्म्यावर येते.

अँटेना जास्त, तर पल्ला जास्त?

अँटेना मोजून राउटर निवडणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि उत्पादकांनाही ते ठाऊक आहे. पण वाय-फाय हे दोन्ही बाजूंचे संभाषण असते. राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत पोहोचला तरी मोबाइलच्या छोट्या अँटेनाचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचायला हवे. मोबाइलवर कांड्या पूर्ण दिसतात आणि तरी पान उघडत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. सहा अँटेना पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

खोक्यावरच्या आकड्याचेही तसेच. ‘एसी १२००’ म्हणजे १२०० एमबीपीएस वेग नव्हे. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची ती बेरीज आहे. मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि हे आकडेही कागदावरचे. गंमत अशी, की ‘१२००’ लिहिलेल्या काही स्वस्त राउटरचे पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचेच असतात. त्यामुळे खोक्यावर एकच शब्द शोधायचा असेल तर तो ‘गिगाबिट पोर्ट’.

वाय-फाय ५, ६ की ७?

१०० एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला आणि चार-पाच उपकरणांना वाय-फाय ५ चा दोन पट्ट्यांचा राउटर पुरतो. आज नवा घ्यायचाच असेल तर वाय-फाय ६ घेणे शहाणपणाचे. याचे प्रमाणीकरण २०१९ मध्ये सुरू झाले. त्याचा खरा फायदा कमाल वेगात नाही. मोबाइल, टीव्ही, कॅमेरे, स्मार्ट बल्ब अशी अनेक उपकरणे एकाच वेळी बोलत असताना तो वेळेची वाटणी अधिक नेटकी करतो. वाय-फाय ७ चे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. घरातील मोबाइल आणि लॅपटॉप त्या पिढीचे नसतील तर त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

टिकाऊपणा कशावर ठरतो?

जाहिरातीत न येणारा हा भाग आपल्याकडे सर्वात महत्त्वाचा आहे. घरगुती राउटर साधारणपणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपुरात बाहेर पारा ४५ वर गेलेला असताना पत्र्याखाली, माळ्यावर किंवा बंद खणात ठेवलेला राउटर दुपारी दोन वाजता का बंद पडतो, याचे कोडे उरत नाही. भोवती चार बोटे मोकळी जागा ठेवावी आणि त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स रचू नये.

दुसरा शत्रू म्हणजे वीज. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की राउटर मरतात, ते बहुधा गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या लॅन केबलमुळे. काचेच्या फायबरमधून विजेचा झटका येत नाही. केबलमधून येतो आणि राउटरचे इंटरनेटचे पोर्ट जाळतो. घरात अजून गच्चीवरची केबल येत असेल तर विजा चमकू लागताच ॲडॅप्टर आणि ती केबल, दोन्ही काढावीत. नुसते बटण बंद करून भागत नाही. जमल्यास जोडणी फायबरवर बदलून घ्यावी.

लाइट जाणाऱ्या गावात राउटरसाठीचा छोटा यूपीएस कामाला येतो. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर पाहून तेवढीच क्षमता घ्यावी. १२ व्होल्टचे उपकरण पुष्कळ दिसतात, पण ९ व्होल्टचेही असतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागतो, हे अनेकांना लाइट गेल्यावरच कळते. आणि राउटर वारंवार आपोआप बंद-चालू होत असेल तर आधी ॲडॅप्टर बदलून पाहावा. दगा देतो तो बऱ्याचदा ॲडॅप्टरच.

सुरक्षेचे काय?

राउटर वर्षानुवर्षे चोवीस तास इंटरनेटला जोडलेला असतो आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ या व्हायरसने कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले; त्यांच्या झुंडीने केलेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ उघडकीस आला. सिस्कोच्या टॅलोस गटाच्या अंदाजानुसार ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणे त्याच्या विळख्यात होती. त्यांचे मालक साधी घरे आणि छोटी दुकानेच होती.

त्यामुळे घेण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसाठी शेवटचे सॉफ्टवेअर अपडेट कधी आले ते पाहावे. दोन-तीन वर्षांत एकही आले नसेल तर तो राउटर स्वस्त असला तरी घेऊ नये. आपोआप अपडेट होण्याची सोय आणि डब्ल्यूपीए ३ सुरक्षा असावी. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अशा उपकरणांना ओळखता येण्याजोगा सरसकट पासवर्ड देता येत नाही आणि अपडेट किमान किती काळ मिळतील हे सांगावे लागते. आपल्याकडे हा प्रश्न ग्राहकानेच विचारावा. राउटर आणल्यावर वाय-फायचा पासवर्ड बदलला जातो. राउटरच्या सेटिंगचा ‘ॲडमिन’ पासवर्ड मात्र तसाच राहतो. दोन्ही बदलावेत.

रिपीटर की मेश?

प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. व्हिडिओ कॉलसाठी तो घेऊच नये. मोठ्या घराला किंवा दुमजली बंगल्याला मेश संच चांगला, पण काँक्रीटच्या भिंतींत त्याच्याही मर्यादा उघड होतात. सर्वात भक्कम उपाय जुनाच आहे : आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावणे. केबल टीव्हीसाठी भिंतीत आधीच पाइप असतो, त्यातून ती ओढता येते. घरात पडून असलेला जुना दोन पट्ट्यांचा राउटर, अपडेट मिळत असतील तर, या कामाला चालतो.

पैसे भरण्याआधी सेवा पुरवठादाराला एक फोन करावा. काही कंपन्या त्यांचा फायबरचा डबा काढू देत नाहीत. मग आपला राउटर त्याच्या पुढे जोडावा लागतो आणि डब्यातील वाय-फाय बंद करून घ्यावे लागते, नाहीतर दोन्ही यंत्रे एकमेकांचाच सिग्नल बिघडवतात. जोडणीला युजरनेम-पासवर्ड लागत असेल तर तोही त्याच फोनवर विचारून लिहून ठेवावा. रविवारी रात्री तो सांगायला कुणी फोन उचलत नाही.