डब्यावरचं नाव आणि फळ्यावरची वेळ

प्रोग्रॅममुळे कुणी उपाशी झोपल्याचं ऐकलंय? मागच्या सेमिस्टरला आपल्याच होस्टेलची काही पोरं झोपली. आणि त्याला कारण अस्मादिक!

झालं असं, की मेसच्या कूपनसाठी मी ए.एस.पी. डॉट नेट कोअरमध्ये एक वेब ए.पी.आय. लिहिला. रात्री नऊनंतर कूपन चालू नये म्हणून त्यावर फिल्टर बसवला. फिल्टर म्हणजे गेटवरचा वॉचमन. रिक्वेस्ट मूळ मेथडपर्यंत जाण्याआधी तो तिला तपासतो, आणि पटलं नाही तर तिथूनच उत्तर देऊन परत पाठवतो. हा फिल्टर मी ॲट्रिब्यूट म्हणून मेथडच्या डोक्यावर लावला, कंसात २१ टाकलं आणि निवांत झालो.

परीक्षा आली, मेस दहापर्यंत उघडी राहील असं ठरलं. मी नेमका गावी. नऊ वाजले आणि मशीन कूपन नाकारू लागलं. कूपन नाही तर ताट नाही, हा मेसचा नियम. आकडा बदलायला कोड पुन्हा कंपाइल करणं भाग होतं, आणि कोड माझ्या लॅपटॉपवर!

परत आल्यावर वेळ सेटिंगच्या फाईलमध्ये, म्हणजे ॲपसेटिंग्ज डॉट जेसनमध्ये ठेवली. पण ती फिल्टरला द्यायची कशी? ॲट्रिब्यूटच्या कंसात कॉन्फिगरेशनचा ऑब्जेक्ट द्यायला गेलो, तर कंपायलर अडून बसला. कारण साधं आहे. कंसातली किंमत कंपाइल होतानाच ठरलेली लागते. घरच्या स्टीलच्या डब्यावर नाव कोरतात ना, तसंच. एकदा कोरलं की पुसता येत नाही. मेसची वेळ मात्र फळ्यावर खडूने लिहायची गोष्ट आहे.

इथे डिपेंडन्सी इंजेक्शन कामाला येतं. आपला आचारी बाजारात जात नाही; भाजी, डाळ त्याच्या ओट्यावर आणून दिली जाते. तसंच फिल्टरने लागणाऱ्या गोष्टी कन्स्ट्रक्टरमध्ये नुसत्या मागायच्या, आणून देणं हे कंटेनरचं काम. मेथडवर मग फिल्टर थेट न लावता फक्त त्याचा प्रकार सांगायचा. त्याच्या दोन रीती आहेत. टाइपफिल्टर वापरला तर फिल्टरची नोंद करावी लागत नाही. तो दरवेळी नवा बनतो आणि त्याला लागणारं सामान कंटेनरमधून येतं. सर्व्हिसफिल्टर मात्र अख्खा फिल्टरच कंटेनरकडे मागतो. त्यामुळे प्रोग्राम डॉट सीएसमध्ये नोंद विसरलात, तर कंपाइल बिनतक्रार होतं आणि रिक्वेस्ट आल्यावर एरर येते.

मी टाइपफिल्टर घेतला. खुशीत फाईलमध्ये २१ चं २२ केलं, तरी मशीन नऊलाच बंद! कारण मी आय-ऑप्शन्समधून वेळ घेतली होती. ते किंमत एकदाच वाचतं, मग ॲप्लिकेशन रीस्टार्ट होईपर्यंत तीच धरून बसतं. त्याजागी आय-ऑप्शन्स-स्नॅपशॉट टाकलं. ते प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने किंमत काढतं, म्हणून सर्व्हरवरची फाईल बदलली की पुढच्या कूपनला नवी वेळ लागू. एवढंच लक्षात ठेवा, की ज्या फिल्टरची नोंद सिंगलटन म्हणून केलीय, त्यात स्नॅपशॉट घालायचं नाही. तिथे आय-ऑप्शन्स-मॉनिटर वापरा.

सांगायचं काय, तर जो आकडा माणसं ठरवतात आणि माणसंच बदलतात, तो कोडमध्ये कोरू नका. आता वेळ बदलायची झाली तर ऑफिसातले काका स्वतः फाईल उघडून बदलतात. मी गावी असलो तरी पोरं जेवतात!