गावातील गाण्यांचे ध्वनिमुद्रण : मायक्रोफोन व आवाजाची पातळी

अचलपूरच्या परिसरात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. जात्यावरील ओव्या मात्र घरोघरची जाती थांबल्यापासून बहुधा म्हाताऱ्या बायांच्या स्मरणातच उरल्या आहेत. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. परंतु त्यांपैकी काही हजारांचेच ध्वनिमुद्रण होऊ शकले. शब्द कागदावर उतरतात, चाल उतरत नाही. शिवाय वऱ्हाडी तोंडून ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा येतो, तो उच्चार कानांनीच पारखावा लागतो. म्हणून शिक्षकाने हे काम हाती घ्यावे. परंतु ते नीट समजून घ्यावे.

मायक्रोफोन मुख्यतः दोन प्रकारचे असतात. डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते व त्यातून वीज निर्माण होते. तो दणकट असतो, त्याला वेगळी वीज लागत नाही व तोंडाजवळ धरल्यास गोंगाटातही उपयोगी पडतो. कंडेन्सर मायक्रोफोन अधिक संवेदनशील असतो. त्याला वीज पुरवावी लागते. तो हळू आवाज टिपतो, तसाच पंख्याचा व रस्त्याचा आवाजही टिपतो. जात्याशी बसून गाणाऱ्या आजीबाईंसाठी पदराला लावण्याचा छोटा कॉलर माइक सोयीचा. मात्र त्यावर पदर घासणार नाही व जात्याची घरघर गाण्याला झाकणार नाही, हे पाहावे.

महाग मायक्रोफोन दूर ठेवण्यापेक्षा साधा मोबाइल जवळ ठेवणे हिताचे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, परंतु भोवतालचा गोंगाट तेवढाच राहतो. तोंडापासून एक वीत अंतर ठेवावे. मायक्रोफोन समोर न धरता किंचित बाजूस धरावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा झोत त्यावर आदळणार नाही.

यानंतर पातळी. अंकीय ध्वनिमुद्रणात ० डेसिबल ही वरची मर्यादा असते. आवाज तिच्यापलीकडे गेला की लाटेची टोके कापली जातात व फाटका आवाज येतो. तो पुढे पूर्ववत करता येत नाही. हळू आलेला आवाज मात्र नंतर वाढविता येतो, जरी त्याबरोबर खरखरही वाढते. म्हणून चाचणीच्या वेळी नुसते ‘एक, दोन, तीन’ म्हणवून घेऊ नये. सर्वांत उंच स्वराची ओळ गाऊन घ्यावी. तिचे टोक उणे १२ डेसिबलच्या जवळपास राहील असे पाहावे. पातळी बदलण्याची सोय नसल्यास अंतर वाढवावे. पातळी आपोआप बदलणारी सोय असल्यास ती बंद करावी, कारण गाणारी श्वास घेण्यास थांबली की ती भोवतालचा गोंगाट वर उचलते.

मुलींच्या गटासाठी अर्धवर्तुळ करून मायक्रोफोन मध्यभागी, तोंडाच्या उंचीवर ठेवावा. मोठ्या आवाजाच्या मुलीस थोडे मागे उभे करावे. मोबाइल विमानस्थितीत ठेवावा.

पहिली ओळ मुद्रित झाल्यावर थांबून ती कानांनी ऐकावी. गाणारीची संमती, तिचे नाव, गाव व तारीख आवाजातच नोंदवावी आणि एक प्रत शाळेत, एक तिच्या घरी द्यावी. विद्यार्थ्यांकडून गाणे पुन्हा म्हणवून घेता येते. आजीबाईंकडून पुढच्या वर्षी ते मिळेलच असे नाही.