नकाराचा कारभार

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे, प्रमुख लिनस टोर्वाल्ड्स यांना कोणालाही काम सांगता येत नाही. कर्नेलसाठी कोड लिहिणारे बहुतेक जण पगारी आहेत, पण तो पगार इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्या देतात. हाताखाली माणसे नाहीत, बढती-बदलीचा अधिकार नाही. आलेला बदल घ्यायचा की परत पाठवायचा, एवढेच त्यांच्या हाती. लाखो सर्व्हर आणि मोबाइल ज्या प्रकल्पावर चालतात, त्याचे व्यवस्थापन या एका नकारावर उभे आहे.

१९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या या विद्यार्थ्याने छंद म्हणून लिहीत असलेला हा कर्नेल जाहीर केला. लोक ईमेलने पॅच, म्हणजे कोडातले बदल, पाठवत, तो तपासून जोडत असे. पसारा वाढला आणि हा एकच दरवाजा चोंदला. पाठवलेले पॅच उत्तराविना गडप होतात, यावरून १९९८मध्ये चांगलीच जुंपली. २००२मध्ये टोर्वाल्ड्स यांनी बिटकीपर हे कोडातल्या बदलांची नोंद ठेवणारे एका खासगी कंपनीचे साधन घेतले. मुक्त सॉफ्टवेअरच्या कट्टर पुरस्कर्त्यांना ते खुपले. २००५मध्ये कंपनीने फुकट परवाना काढून घेताच टोर्वाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिट हे तशाच कामाचे साधन स्वतः लिहायला घेतले आणि जुलैत ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवले. आज प्रोग्रॅमिंग शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ज्या गिटशी झटापट करतो, त्याचे मूळ असे एका माणसाच्या तुंबलेल्या टपालात आहे.

पण केवळ साधनाने भागले नाही. नकाराचा अधिकारही वाटावा लागला. नेटवर्क, फाइल सिस्टिम, ड्रायव्हर अशा प्रत्येक विभागाला मेंटेनर आहे. पॅच आधी त्याच्याकडे जातो आणि त्याला पटला तरच वर सरकतो. वेळापत्रकही बदलले. २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ची, २.६ डिसेंबर २००३ची. मध्ये जवळजवळ तीन वर्षे गेली. एक आवृत्ती हुकली तर पुढची कधी, या धास्तीने जो तो आपले अर्धेकच्चे काम आत रेटू पाहायचा. आता नवे बदल दोन आठवडे घेतले जातात, मग दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती निघते आणि नऊ-दहा आठवड्यांत नवी आवृत्ती बाहेर पडते. ही पंगत हुकली तर पुढची फार लांब नाही, हे कळल्यावर रेटारेटी थांबते. ‘पुढच्या वेळी आणा’ म्हणणेही मेंटेनरला सोपे जाते.

या नकारातून बडे धनीही सुटत नाहीत. अँड्रॉइडसाठी गूगलने कर्नेलच्या आपल्या प्रतीत ‘वेकलॉक’ नावाची सोय केली होती: काम संपेपर्यंत फोनला झोपू न देणारी. कर्नेलच्या जाणकारांना तिची रचना पटली नाही. तोवर तिच्या भरवशावर ड्रायव्हर लिहिले गेले होते, फोन बाजारात आले होते; तरीही २०१०मध्ये २.६.३३ या आवृत्तीतून अँड्रॉइडचा कोड काढून टाकला गेला. काढणारे होते मेंटेनर ग्रेग क्रोहा-हार्टमन. पण नुसते ‘नको’ म्हणून कोणी थांबले नाही. कर्नेलचेच एक प्रोग्रॅमर राफाएल विसोत्स्की यांनी तीच गरज भागवणारी वेगळी यंत्रणा लिहिली आणि मार्च २०१२च्या ३.३मध्ये अँड्रॉइडचा कोड परतला. दोन वर्षे गेली खरी. पण घाईने घेतलेला कोड पुढे वर्षानुवर्षे कोणी सांभाळायचा, या प्रश्नापुढे मला ती स्वस्त वाटतात.

नकार देण्याची रीत मात्र टोर्वाल्ड्स यांना बरीच वर्षे साधली नाही. त्यांच्या शिवराळ उत्तरांचे काही चाहते कौतुक करतात. मला त्यात कौतुकाचे काही दिसत नाही. न पटलेला पॅच परत करायला माणसाची अब्रू काढावी लागत नाही. सप्टेंबर २०१८मध्ये त्यांनी जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. त्या वेळी ४.१९ची तयारी ऐन भरात होती. क्रोहा-हार्टमन यांनी ती आवृत्ती पुरी केली आणि ऑक्टोबरमध्ये, ऑगस्टमधल्या ४.१८नंतर नेहमीप्रमाणे सुमारे दहा आठवड्यांनी, बाहेर काढली.